नीरेच्या रंगाचं तेल

मला स्वप्नं पडत नाहीत. पडत असली तरी उठल्यावर आठवत नाहीत, आणि आठवली तरी सांगत बसायला वेळ नसतो. नव्वदीच्या सुरुवातीचं एक वर्ष मात्र मला झोपेत पाहिल्यासारखं आठवतं, आणि त्याला कारण इंजिन ऑईल. लोकांना हसू येतं, पण ते तसंच आहे.

तेव्हा आम्ही बोईसरला राहत होतो. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता आणि माझ्या नावावर दोन बस होत्या. एकाच मालकाकडून घेतलेल्या, एकाच वर्षाच्या, दोन्ही जुन्या. पाळीच्या कामगारांना स्टेशनवरून कारखान्याच्या फाटकावर सोडायचं आणि पाळी सुटली की परत आणायचं, हा माझा धंदा. बाईमाणसाने असला धंदा करू नये असं सांगणारे पुष्कळ होते. त्यातला एकही जण पहाटे पाचला उठणारा नव्हता, त्यामुळे त्यांची माझी फारशी गाठ पडली नाही.

एक गाडी तारापूरच्या बाजूला जायची. तिच्यावरचा ड्रायव्हर हिंदी बोलायचा, तेही मोजून. दुसरी गाडी कुंभवलीच्या रस्त्याने रंगाच्या एका कंपनीत जायची. ती चालवायचे ते किनाऱ्यावरच्या मुरब्याचे. पंधरावीस वर्षं भावाबरोबर मासेमारीच्या बोटीवर होते, बोट तेच हाकायचे, म्हणून सगळे त्यांना तांडेलच म्हणत. गुडघा धरल्यावर बोट सोडली आणि लायसन काढलं. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, पण मला वयनी म्हणायचे. मी त्यांना तांडेलमामा म्हणायचे.

तांडेलमामांची गाडी आदल्या पावसाळ्यात दोनदा रस्त्यात बंद पडली होती. दोन्ही वेळा चाळीस माणसं पाळीला उशिरा पोचली. कंपनीच्या वाहतूक अधिकाऱ्याने मला टेबलासमोर उभं करून शांतपणे सांगितलं होतं, "आणखी एकदा असं झालं की हा रूट दुसऱ्याला देणार. मला कारणं सांगू नका." मी कारणं सांगितली नाहीत. रूट गेला असता तर ती गाडी भंगारात गेली असती आणि तांडेलमामा त्या गुडघ्यासकट परत बोटीवर. एवढं सरळ होतं ते.

इंजिन तेल पीत होतं. उघडून दुरुस्त करायचं तर गाडी निदान आठवडाभर गॅरेजात राहणार, आणि आठवडाभर गाडी नाही म्हणजे रूट नाही. कंपनी वर्षातून दोनदाच बंद असायची, मे महिन्यात मशिनांच्या दुरुस्तीसाठी आणि दिवाळीत. मी मे महिन्यासाठी गॅरेजवाल्याकडे बोलून ठेवलं.

त्याच सुमारास स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सिंथेटिक ऑईल आलं. दुकानदार गुजराती, मराठी छान बोलायचा. काउंटरवर डबा ठेवून म्हणाला, "भाभी, हे जमिनीतून काढलेलं तेल नाय. लॅबोरेटरीत बनवलेलं. एकदा घाला आणि विसरून जा."

"किंमत?"

त्याने सांगितली. नेहमीच्या तेलाच्या चौपट.

"एवढ्या पैशात मी विसरणार कशी?"

तो हसला. पण त्याने डबा उघडून काचेच्या ग्लासात थोडं ओतलं आणि ग्लास दाराकडे धरला. आमचं नेहमीचं तेल काकवीसारखं, जाड आणि तपकिरी. हे पहाटे झाडावरून उतरवलेल्या नीरेसारखं होतं. ऊन त्यातून आरपार जात होतं. मी खरेदीला गेले की घासाघीस करते, बघत उभी राहत नाही. त्या दिवशी बघत उभी राहिले.

घरी येऊन नवऱ्याबरोबर बसले. चौपट किंमत आणि डब्यावर लिहिलेलं खरं धरलं तर तिप्पट आयुष्य. म्हणजे नुसत्या बदलण्यावर ते महागच. उरलेला फरक भरून निघायचा तर तीन गोष्टींतून. मधे मधे घालावं लागणारं तेल वाचलं पाहिजे, डिझेल थोडं तरी वाचलं पाहिजे आणि इंजिन जास्त टिकलं पाहिजे. पहिल्या दोन मोजता येतात. तिसरी कळेपर्यंत आपण म्हातारे होतो.

"एका गाडीत हे घालू, एकीत नेहमीचं," मी म्हटलं. "वर्षभर मोजू."

"कुठल्या गाडीत?"

"तांडेलमामांच्या."

"ती आजारी आहे. तुलना करायची तर दोघींची प्रकृती सारखी पाहिजे. हे तू तारापूरच्या गाडीत घाल."

"औषध आजाऱ्यालाच देतात."

त्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि परत घातला. त्याचं बरोबर होतं. पण मला तुलना नको होती, मला ती गाडी मे महिन्यापर्यंत काय, पुढची दोन वर्षं चालायला हवी होती, आणि तुलनेच्या नावाखाली मी तेच करत होते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तेल बदललं. जुनं काळं तेल न्यायला सेंट्रिंगवाले नेहमीप्रमाणे पत्र्याचे डबे घेऊन आले. स्लॅब भरताना फळ्यांना ते फासलं की सिमेंट चिकटत नाही. बोईसरला तेव्हा इतक्या इमारती उठत होत्या की जळक्या तेलालासुद्धा गिऱ्हाईक तयार असायचं. तांडेलमामांनी नव्या तेलात बोट बुडवलं, अंगठ्याने चोळलं आणि बोट माझ्यासमोर धरलं.

"वयनी, ह्ये पाणी हाय."

"पाणी नाही. असंच असतं ते."

"बोटीत आमी असलं घातलं तर इंजिन समुद्रातच रडंल."

"ही बोट नाही, मामा. आणि या गाडीत आता आपल्या पिंपातलं नेहमीचं तेल घालायचं नाही. लागलंच तर मला सांगायचं, मी या डब्यातलं देईन."

"तुमी सांगाल तसं," ते म्हणाले.

तिथून ते दिवस सुरू झाले. पावणेसहाला मी फडकं घेऊन अंगणात यायचे. दोन्ही गाड्या रात्रभर तिथेच उभ्या असायच्या. तेल मोजायची पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची, काढायची आणि उजेडाकडे धरायची. जानेवारीत खाडीकडून धुकं आत येतं. समोरचा रस्ता नसायचा, विजेचे खांब अर्धेच असायचे, आणि त्या धुक्याला कारखान्यांचा वास असायचा, कधी कडू बदामासारखा, कधी नुकत्याच रंगवलेल्या घरासारखा. त्या सगळ्यात हातात एक लोखंडी पट्टी आणि तिच्या टोकाला सोन्यासारखी एक रेघ. काल जिथे होती तिथेच. परवा होती तिथेच. मी असल्या गोष्टींनी भारावणारी नाही. पण रोज पहाटे जग नाहीसं झालेलं असायचं आणि ती रेघ हलायची नाही, हे मला आवडायला लागलं.

तारापूरच्या गाडीला दर पंधरवड्याला तेल घालावं लागायचं, तेही बेताचंच. तांडेलमामांच्या गाडीला, जी आधी आठवड्याला तेल मागायची, काहीच नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. काहीच नाही.

नवरा दर महिन्याला दोन्ही गाड्यांच्या तेलाचा एकेक थेंब टीपकागदावर टाकायचा. थेंब पसरत पसरत गोल होतो, मधे काळा, मग करडा, कडेला फिकट. त्यावरून तेल किती थकलंय ते कळतं. ते कागद त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओळीने चिकटवले होते. भाजी चिरता चिरता मी मान वर केली की समोर चंद्रांची रांग. एकदा तो त्यातल्या एकाकडे बराच वेळ बघत राहिला.

"या नव्या तेलाच्या थेंबाला दोन कडा का येतायत?"

"येत असतील."

"एकाच तेलाला दोन कडा?"

"महाग आहे ना, जास्त कडा देत असेल. ताट वाढू का?"

एप्रिलच्या शेवटी मी गॅरेजवाल्याला मे महिन्याचं काम नको म्हणून सांगितलं. तेल न पिणारं इंजिन कशाला उघडायचं? नवरा म्हणाला, थांब, धूर बघू. मी म्हटलं, धूर बघून झालाय, पट्टी खोटं बोलत नाही. मे महिन्यात कंपनी आठवडाभर बंद राहिली आणि माझी गाडी धडधाकट असल्यासारखी अंगणातल्या आंब्याखाली उभी राहिली. मी तिच्याकडे बघून चहा प्यायचे. ओळखीच्या तिघा गाडीवाल्यांना मी ते तेल घ्यायला सांगितलं. एकाने घेतलंही.

नारळी पौर्णिमेला तांडेलमामा चार दिवस रजेवर गेले. बोट सोडली तरी पौर्णिमेला ते मुरब्यालाच असायचे, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. नवऱ्याने स्वतःची रजा टाकून गाडी चालवायला घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन त्याने चप्पल काढली नाही, उंबऱ्यातच उभा राहिला.

"अगं, मागे निळा धूर येतोय."

सात महिने रेघ हलली नव्हती, म्हणून पहिले दोन दिवस मी पट्टीला हात लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी काढली. कोरडी. पुसून परत घातली. टोकाला फक्त ओल, खालच्या खुणेच्याही खाली. मी वाकून गाडीखाली बघितलं. जमीन स्वच्छ होती.

"गळत नाहीये," नवरा म्हणाला. "जळतंय."

"सात महिने जळलं नाही आणि तीन दिवसांत?"

त्याने माझ्या हातातली पट्टी घेऊन पुसली. फिटर माणूस, आधी विचार करतो. मग म्हणाला, "तीन दिवसांत बदललं काय? फक्त ड्रायव्हर."

गाडीत डब्यातलं तेल घातलं, नवऱ्याला पाळीच्या फेरीवर पाठवलं आणि मी मुरब्याची एसटी पकडली. पाऊस थांबला होता आणि आभाळ धुतलेल्या पातेल्यासारखं होतं. किनाऱ्यावर बोटी रंगवून, पताका लावून उभ्या होत्या. बायका नव्या लुगड्यांत, डोक्यात अबोलीचे गजरे, मधेच बँडवाले एकच गाणं पुन्हापुन्हा वाजवत होते. इतके रंग आणि इतका वारा, आणि मी त्यात इंजिन ऑईलबद्दल विचारायला चाललेली. तांडेलमामा पांढऱ्या शर्टात, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन भावाच्या बोटीजवळ उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"वयनी! गाडी बंद पडली?"

"पडली नाही. पण तेल संपलं. तीन दिवसांत."

"असं कसं होईल?" ते खरोखर चिडले. "तुमच्या साहेबांनी सकाळचा घास नाय दिला?"

"कसला घास?"

आता त्यांना माझं नवल वाटलं. "इंजिनाला. सकाळचा. आदी इंजिनाला घास, मग आपल्याला चाय. बोटीवर असंच असतंय. बापाने आमाला पयला तोच शिकवला. पळीभर तेल घालायचं, मग हात लावायचा."

"कुठलं तेल, मामा?"

"आपलं. बोटीचं. जाड." त्यांनी भावाच्या बोटीकडे मान केली. "डबा पिशवीत असतो, डब्याच्या शेजारी. जेवणाच्या."

"रोज?"

"रोज. तुमचं ते पाणी घातल्यापासून. कधी दोन पळ्या. तुमी यायच्या आदी."

"मी सांगितलं होतं ना, दुसरं तेल घालायचं नाही म्हणून?"

"तुमच्या तेलाला मी कुठं हात लावला? तुमचं ते तुमचं चाललं होतं. ह्ये आमचं वेगळं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वयनी, ते पाणी पिऊन त्याला भूक लागायची. आवाजात कळत होतं. मी उपाशी ठेवू?"

शेजारी त्यांची भावजय उभी होती. ती म्हणाली, "आमच्यातला डबा रोज रिकामा होतो तो ह्या गाडीच्या नरड्यात होय? मी म्हणते, भावजींनी तेल प्यायला सुरवात केली का काय!"

सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. माझ्या सात महिन्यांच्या पहाटा, ती न हलणारी सोन्याची रेघ, ती त्यांनी रोज माझ्या आधी पंधरा मिनिटं येऊन पळीने भरून ठेवली होती. त्यात फसवणूक नव्हती. त्यांना वाटत होतं मी मोजतेय ती माझी पूजा आणि ते करतायत ती त्यांची. आणि त्यांच्या पळीवर विश्वास ठेवून मी मे महिन्यातलं काम रद्द केलं होतं.

भावजयीने मला नारळाची करंजी दिली. ती खात मी एसटीची वाट बघत बसले आणि हिशेब केला. दिवाळीला अडीच महिने. इंजिनाच्या आतल्या रिंगा झिजल्यात हे आता नक्की. झिजलेल्या रिंगांतून पातळ तेल अधिकच वर चढणार आणि जळणार, म्हणजे माझं महागडं औषध रोग्याला उलट बाधत होतं. त्याला धरून ठेवलं होतं ते मुरब्याच्या जाड तेलाने. आज वाहतूक अधिकाऱ्याकडे जाऊन खरं सांगितलं तर रूट आजच गेला. नाही सांगितलं आणि गाडी मधेच थांबली तरी गेला.

मी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडीतलं सगळं तेल काढलं आणि नेहमीचं, त्यातलंही सर्वांत जाड, भरलं. तांडेलमामा परत आले तेव्हा त्यांना म्हटलं, "घास चालू ठेवा. फक्त आपल्या पिंपातला. आणि पळ्या मला सांगत जा."

"आता कसं बोललात," ते म्हणाले.

ते अडीच महिने मी नीट झोपले नाही. सहा वाजता गाडी गेली की माझे कान रस्त्याकडे. साडेसातला ती रिकामी परत येताना आवाज ऐकू यायचा, मग मी पोहे फोडणीला टाकायचे. गणपती झाले, दसरा झाला. ऑक्टोबरच्या उन्हात कंपनीमागच्या नाल्याचं पाणी एक दिवस जांभळं असायचं, एक दिवस पिवळं, आणि त्यावरून आमची गाडी मागे निळा धूर सोडत जायची. कुणी लांबून बघितलं असतं तर त्याला ते सुंदर वाटलं असतं. वाहतूक अधिकाऱ्याला वाटलं नाही. त्याने एकदा फाटकावर नाकाला रुमाल लावून मला सांगितलं, "दिवाळीनंतर पहिल्या दिवशी मी स्वतः उभा राहणार आहे. ही अशीच आली तर आत घेणार नाही."

दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या दिवशी गाडी गॅरेजात गेली. मेकॅनिकने रिंगा काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. हातातल्या जुन्या बांगड्या झिजतात तशा झिजलेल्या, कडा सुरीसारख्या. तो म्हणाला, "ही गाडी कुणी चालवली?" मी म्हटलं, चालवली एकाने, जगवलीही त्यानेच.

उरलेलं सिंथेटिक तेल तारापूरच्या गाडीत गेलं, जिथे नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ते पहिल्यापासून जायला हवं होतं. तिथे ते चांगलं चाललं. थंडीत गाडी एका झटक्यात सुरू व्हायची, तेल तिप्पट नाही पण दुपटीहून जास्त टिकलं, डिझेलही किंचित वाचलं. सगळं जमेला धरून ते महागही पडलं नाही आणि स्वस्तही नाही. धड इंजिनाला ते धड ठेवतं, झिजलेल्याला ते जोडत नाही. ज्यांना मी आधी सांगून बसले होते त्या तिघांकडे जाऊन मी हे सांगितलं. ज्याने घेतलं होतं तो थोडे दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

नव्याने बांधलेलं इंजिन सुरुवातीला सावकाश चालवावं लागतं. जोरात पळवलं की आतले भाग एकमेकांशी जुळायच्या आत भांडतात. म्हणून दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी मी गाडी पंचवीस मिनिटं आधी काढायला लावली. कामगारांना आदल्या दिवशी निरोप दिला होता. ते डोळे चोळत आणि आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने शिव्या देत चढले. मीही चढले, पुढच्या सीटवर, तांडेलमामांच्या शेजारी.

बोईसर सोडलं तेव्हा उजाडायला लागलं होतं. बैलगाडीपेक्षा जरा बऱ्या वेगाने आम्ही चाललो होतो. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, पुढे जाऊन त्याने वळून बघितलं. भातं कापून झाली होती, रिकाम्या शेतांतून बगळे चालत होते, आमच्याइतकेच सावकाश. इंजिनाचा आवाज कुठे तरी लांबून येत असल्यासारखा. मागे चाळीस माणसं झोपलेली, कुणाच्या मांडीवर डबा, कुणाचं डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर, गाडी वळली की सगळी डोकी मिळून वळायची. तांडेलमामा दोन्ही हात चाकावर ठेवून, पाण्यावर बघतात तसे लांब बघत होते.

"बरं वाटतंय का तिला?" मी विचारलं.

"बोलू नका, वयनी," ते हळूच म्हणाले. "मासळीवर आलो की आमी बोलत नाय."

कुंभवली गेलं. धुरांडी दिसायला लागली. मी घड्याळाकडे बघितलं, मग बघायचं थांबवलं.

फाटकावर वाहतूक अधिकारी खरंच उभा होता, हातात वही. त्याने हात वर करून गाडी थांबवली आणि मागे गेला. मी उतरले. त्याने सायलेन्सरच्या तोंडाशी खिशातला पांढरा रुमाल धरला. बराच वेळ धरला. मग झटकून बघितला, दोन्ही बाजूंनी.

"ही तीच गाडी का?"

"गाडी तीच हाय, साहेब," तांडेलमामा खिडकीतून म्हणाले. "पोट नवं हाय."

त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला, वहीत गाडीचा नंबर लिहिला, पुढे सही केली आणि फाटकवाल्याला खूण केली. "उद्या वेळेवर या," तो म्हणाला. "इतक्या आधी येऊन इथे गर्दी करू नका."

तांडेलमामांनी गाडी आत घेतली आणि इंजिन बंद केलं. कुणी उठलं नाही. मला मागे जाऊन एकेकाच्या खांद्याला हात लावून उठवावं लागलं. शेवटच्या बाकावरच्या एकाने डोळे उघडून बाहेर बघितलं, भोंगा अजून वाजला नव्हता, पटांगण रिकामं होतं.

"बाई," तो म्हणाला, "आज लगेच पोचलो की."

"हो," मी म्हटलं. "उतरा आता."